घटक 4 : जवळ पाहणारा डोळा – समायोजनाची प्रक्रिया आणि तिचे मराठी वर्णन

4.1 उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर जवळच्या वस्तूवर दृष्टी कशी स्थिरावते, हे आपल्याला स्वतःच्या मराठीत सांगता यावे, अशी अपेक्षा आहे. वय वाढले की ही क्षमता का घटते, याचे कारण आपण देऊ शकाल आणि या विषयाच्या परिभाषेत असलेला एक जुना गोंधळ ओळखून आपल्या लेखनात तो टाळू शकाल.

4.2 प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, शास्त्रीय गद्याची सामान्य लक्षणे आपण मागील घटकात पाहिली. शास्त्रीय गद्यात एका संज्ञेला एकच अर्थ असावा लागतो, क्रियेचा क्रम ढळून चालत नाही आणि उपमा वापरायची ती आशय उलगडण्यापुरतीच वापरायची असते. ही लक्षणे प्रत्यक्ष विषयावर तपासून पाहण्यासाठी प्रस्तुत घटकात एक शारीरिक प्रक्रिया निवडली आहे. ती प्रक्रिया या क्षणी, ही ओळ वाचताना, आपल्या डोळ्यांत घडत आहे. पुस्तिका हातात धरून वाचणे म्हणजे डोळ्याला जवळच्या अंतरावर तासन्‌तास राबवणे होय. दूरशिक्षणात वर्ग नाही, फळा नाही, शिक्षकाचा आवाजही क्वचितच. जे काही आहे ते हातभर अंतरावरच्या अक्षरांत आहे. त्यामुळे आपल्या विद्यार्थ्याचे शिक्षण डोळ्याच्या या एका क्षमतेवर जितके अवलंबून असते, तितके ते नियमित महाविद्यालयातील विद्यार्थ्याचे क्वचितच असते.

हा विषय निवडण्यामागे माझे एक वैयक्तिक कारणही आहे आणि त्यात माझी चूक आहे. काही वर्षांपूर्वी रत्नागिरीतील संपर्कसत्रांत आरे-वारे परिसरातून येणारी एक विद्यार्थिनी माझ्या गटात होती. वय पंचेचाळीसच्या पुढे, काम अंगणवाडी सेविकेचे. तिच्या गृहपाठात घ च्या जागी ध, म च्या जागी भ, अनुस्वार गळलेले, पहिल्या वेलांटीची दुसरी झालेली, असे पुष्कळ दोष आढळले. मी शुद्धलेखनाचे गुण कापले आणि ‘लेखनात काळजी घ्यावी’ असा शेराही मारला. पुढच्या सत्रात ती म्हणाली, “सर, वाचलेलं डोक्यात शिरतच नाय. अर्ध्या तासात डोकं धरतं. माझं वय झालं शिकायचं.” पुस्तिका परत करण्याच्या तयारीनेच ती आली होती.

4.3 आरे-वारेच्या टेकाडावर

रत्नागिरीहून किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळ्याकडे जाणारा रस्ता आरे-वारे येथे एका टेकाडावर चढतो. खाली दोन बाजूंना दोन पुळणी पसरलेल्या दिसतात, कडेला सुरूची बने आणि समोर क्षितिजापर्यंत पाणी. त्या दिवशी सत्र संपल्यावर आम्ही काहीजण गणपतीपुळ्याला निघालो होतो. ही विद्यार्थिनी वाटेत उतरणार होती. टेकाडावर गाडी थांबली तेव्हा तिने दूरवरची एक होडी दाखवली आणि तिच्यावरचा झेंडा कोणत्या रंगाचा आहे, तेही सांगितले. मी चष्मा पुसून घातला तरी मला होडीच्या जागी एक ठिपका दिसत होता. मग मी तिच्या हातातील पुस्तिका घेतली, चष्मा काढला आणि पानावरची सर्वांत बारीक टीप सहज वाचली. तिने पुस्तिका परत घेऊन तीच टीप वाचण्यासाठी हात लांब केला, आणखी लांब केला आणि मग हसून म्हणाली, “हात पुरत नाय.”

तेव्हा माझ्या लक्षात आले की तिच्या गृहपाठातील दोष मी नीट वाचलेच नव्हते. घरी परतल्यावर उत्तरपत्रिका पुन्हा काढली. तिने स्वतः रचलेल्या वाक्यांत घ आणि ध यांची गल्लत एकदाही नव्हती. दोष होते ते केवळ पुस्तिकेतून उतरवून घेतलेल्या अवतरणांत. जी व्यक्ती स्वतःच्या मनातले शुद्ध लिहिते आणि पुढ्यातले पाहून अशुद्ध उतरवते, तिची अडचण भाषेची असत नाही. आयुष्यभर अक्षरांच्या अभ्यासावर पोट भरणाऱ्या माणसाला हे आधी दिसायला हवे होते.

देवनागरीच्या वाचनात ही गल्लत विशेष संभवते, हेही येथे नोंदवू. आपल्या लिपीत पुष्कळसा भेद अगदी लहानशा खुणेवर उभा आहे. घ आणि ध, म आणि भ, प आणि ष, व आणि ब या जोड्यांत फरक आहे तो एका गाठीचा, एका तिरक्या रेघेचा किंवा शिरोरेषेतील खंडाचा. अनुस्वार हा तर नुसता बिंदू. प्रतिमा किंचित पुसट झाली की अक्षराचा मुख्य आकार टिकतो, पण या खुणा आधी बुजतात. ओळखीच्या मजकुरात वाचक संदर्भावरून भर घालतो, म्हणून त्याला काही चुकते आहे हे कळतही नाही. अनोळखी परिभाषेने भरलेल्या पाठ्यमजकुरात मात्र संदर्भाची ही मदत तोकडी पडते. मग एकेक ओळ दोनदोनदा वाचावी लागते, अर्थाचा धागा सुटतो आणि ‘डोक्यात शिरत नाही’ अशी तक्रार सुरू होते.

4.4 जवळ पाहणे हे कष्टाचे काम कसे?

आता प्रत्यक्ष प्रक्रियेकडे वळू. बाहेरचा प्रकाश डोळ्यात शिरताना आधी पुढच्या पारदर्शक पटलावर, म्हणजे पारपटलावर वळतो आणि नंतर बाहुलीमागे असलेल्या भिंगात आणखी वळून मागच्या दृष्टिपटलावर एकत्र येतो. भिंगाची वळवण्याची शक्ती डायॉप्टर या एककात मोजतात. मीटरमधील अंतराने 1 ला भागले की डायॉप्टर मिळतो. 1 मीटरवर किरण एकत्र आणणारे भिंग 1 डायॉप्टरचे, अर्ध्या मीटरवर आणणारे 2 डायॉप्टरचे. चष्म्याचा ‘नंबर’ म्हणून आपण जो आकडा सांगतो, तो हाच होय. मानवी डोळ्याची एकूण शक्ती सुमारे 60 डायॉप्टर असून तिचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग पारपटलाचा आहे. पण पारपटल आपली वक्रता बदलत नाही. अंतरानुसार बदलते ते आतले भिंग. त्याच्या या क्षमतेला समायोजन असे म्हणतात. शालेय विज्ञानाच्या पुस्तकात ‘समायोजन शक्ती’ ही संज्ञा आपण वाचली असेल.

दूरच्या वस्तूकडून येणारे किरण जवळजवळ समांतर असतात. ते एकत्र आणण्यास विश्रांत अवस्थेतील निरोगी डोळा पुरेसा असतो. वस्तू जवळ आली की किरण फाकत फाकत डोळ्यात शिरतात आणि त्यांना वळवण्यास अधिक शक्ती लागते. 40 सेंटिमीटरवर धरलेल्या पुस्तकासाठी अडीच डायॉप्टर जादा हवेत. ते मिळवण्यासाठी भिंगाला अधिक फुगीर व्हावे लागते.

फुगवट्याची रचना मोठी चमत्कारिक आहे. विद्यार्थी तिचे वर्णन करताना हमखास उलटे लिहितात. भिंगाच्या भोवती कड्यासारखा एक स्नायू आहे. त्या कड्यापासून भिंगाच्या कडेपर्यंत असंख्य सूक्ष्म बंधतंतू गेलेले असतात. दूर पाहताना कडे सैल आणि रुंद असते, त्यामुळे तंतू ताणलेले राहतात आणि ते भिंगाला चहूबाजूंनी ओढून चपटे ठेवतात. जवळ पाहायचे म्हटले की स्नायू आकुंचन पावतो, कडे आवळून लहान होते, तंतूंचा ताण सुटतो आणि भिंग स्वतःच्या लवचिकतेने फुगते. स्नायू आवळतो तेव्हा तंतू सैल पडतात, ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हे स्पष्टीकरण जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने 1855 मध्ये मांडले आणि गाभ्याने ते आजही ग्राह्य आहे.

जवळ पाहताना आणखी दोन गोष्टी आपोआप घडतात. दोन्ही डोळे नाकाकडे वळतात आणि बाहुल्या आक्रसतात. तिन्ही क्रिया एकाच आज्ञेने बांधलेल्या आहेत. यावरून एक निष्कर्ष निघतो. दूर पाहणे ही डोळ्याची विश्रांती आहे आणि वाचणे हे स्नायूंचे काम आहे. समुद्राकडे पाहून डोळे निवतात, असे आपण म्हणतो, त्यामागे हे शारीरिक सत्य आहे. मात्र त्यासाठी समुद्रच हवा असे मुळीच नाही. साधारण 6 मीटरच्या पलीकडची वस्तू डोळ्याच्या दृष्टीने दूरच असते. आरे-वारेच्या क्षितिजाकडे पाहताना आणि अंगणापलीकडच्या फणसाकडे पाहताना स्नायू जवळपास सारखाच सैल पडतो. मनाला फरक पडत असेल, तो निराळा.

समायोजन भिंगाचेच असते, पारपटलाचे नव्हे, हे सिद्ध करण्याचा इंग्लंडच्या टॉमस यंगचा 1801 मधील प्रयोग सांगण्याजोगा आहे. पाण्यात पारपटलाची वळवण्याची शक्ती बहुतेक नाहीशी होते. त्याने पाण्याने भरलेली, पुढे भिंग बसवलेली एक नळी स्वतःच्या डोळ्याला लावली. पारपटल असे बाद झाल्यावरही त्याला जवळ-दूर पाहण्यात फेरबदल करता येत होता. हेच कारण आहे की समुद्रात बुडी मारून डोळे उघडले तर आपल्याला सारे धूसर दिसते. पण सर्वांना नाही. थायलंडच्या किनाऱ्यालगतच्या सुरीन बेटांवर मोकेन नावाचा समुद्रावर जगणारा समाज आहे. त्यांची मुले पाण्याखाली युरोपीय मुलांच्या सुमारे दुप्पट बारकाईने पाहू शकतात, असे स्वीडिश संशोधक ॲना गिस्लेन यांनी 2003 मध्ये दाखवून दिले. ही मुले पाण्यात बाहुली अत्यंत लहान करतात आणि समायोजन पूर्ण ताकदीने वापरतात. पुढे स्वीडनमधील मुलांनाही सरावाने हे साधले. म्हणजे समायोजनाला सराव लागू पडतो, पण भिंग मऊ असते तोवरच.

मासे खाणाऱ्या वाचकांसाठी एक विषयांतर करतो. शिजवलेल्या बांगड्याच्या डोळ्यातून जो पांढरा, कडक, वाटोळा मणी निघतो, तो त्याचे भिंग होय. ते आपल्या भिंगासारखे फुगत नाही. बहुतेक हाडाळ मासे भिंग मागे-पुढे सरकवून दृष्टी जुळवतात आणि अनेकांत विश्रांत डोळा जवळचे पाहतो, दूर पाहण्यासाठीच श्रम पडतात. आपल्या नेमके उलट.

स्वयंअध्ययन – 1 : डोळ्यापुढे वीतभर अंतरावर अंगठा धरा आणि त्यामागे खिडकीबाहेरचे झाड ठेवा. आधी अंगठ्याकडे, मग झाडाकडे पाहा. कोणत्या वेळी काय पुसट झाले आणि डोळ्यांत ओढ केव्हा जाणवली, हे चार वाक्यांत लिहा. ‘फोकस’ हा शब्द न वापरता लिहिण्याचा प्रयत्न करावा.

4.5 चाळिशी

समायोजनाची कमाल मर्यादा वयाबरोबर घटत जाते. नेदरलंड्समधील वैद्य डॉन्डर्स यांनी 1864 च्या आपल्या ग्रंथात वयानुसार तिचे माप दिले. स्थूलमानाने पाहता दहाव्या वर्षी ती सुमारे 14 डायॉप्टर असते, म्हणजे मूल नाकापासून 7 सेंटिमीटरवरचे अक्षरही वाचू शकते. विसाव्या वर्षी 10, चाळिसाव्या वर्षी साडेचार, पन्नाशीत अडीच आणि साठीत जेमतेम 1. याचे मुख्य कारण स्नायूचा अशक्तपणा नव्हे. भिंगावर जन्मभर नवे थर चढत राहतात, जुने आत दाबले जातात आणि भिंग हळूहळू कडक होते. तंतू सैल पडले तरी ते फुगेनासे होते.

आता एक हिशेब करू. वाचनाला अडीच डायॉप्टर लागतात. कोणताही स्नायू सतत आपल्या पूर्ण ताकदीने राबू शकत नाही. क्षमतेचा साधारण निम्मा भाग राखीव असेल तरच काम सुखाने चालते. चाळिसाव्या वर्षी हाताशी असलेल्या साडेचार डायॉप्टरांपैकी निम्म्याहून थोडे अधिक वाचनात खर्च होतात. काठावरचा हा तोल पुढच्या दोन-चार वर्षांत ढळतो. मराठी माणसाने कोणतेही उपकरण नसताना नेमके हेच वय हेरले आणि वाचनाच्या चष्म्याला व त्या अवस्थेला ‘चाळिशी’ हे नाव दिले. ‘चाळिशी लागली’ हा वाक्प्रयोग शारीरिक निरीक्षण म्हणून इतका अचूक आहे की त्याला परिभाषेचा दर्जा द्यायला हरकत नसावी.

हे निरीक्षण केवळ मराठीचे नाही. बंगालीत याच अवस्थेला ‘चालशे’ म्हणतात. तेलुगूत ‘चत्वारम्’ आहे, तोही चाळिसावरूनच. तमिळ आणि मल्याळम भाषांनी वय न मोजता अनुभव टिपला. त्यांचा शब्द आहे ‘वेळ्ळेळुत्तु’, म्हणजे पांढरी अक्षरे. अक्षर काळे असूनही फिकटल्यासारखे वाटते, हा अनुभव ज्याने घेतला त्याला या शब्दाची मार्मिकता वेगळी सांगावी लागणार नाही. ‘चष्मा’ हा आपला शब्द फारसीतील ‘चश्म’, म्हणजे डोळा, यावरून आलेला आहे.

उलट ‘वृद्धदृष्टिता’ ही पाठ्यपुस्तकी संज्ञा पाहा. ‘प्रेसबायोपिया’ या ग्रीक मुळाच्या शब्दाचे ते भाषांतर असून मूळ शब्दातही म्हातारपण आहेच. भाषांतर म्हणून ती निर्दोष आहे, परंतु त्रेचाळीस वर्षांच्या विद्यार्थिनीला ‘तुम्हाला वृद्धदृष्टिता आहे’ असे सांगणारा माणूस तिचे वय झाल्याच्या समजुतीवर शिक्कामोर्तबच करतो. माझ्या मते शास्त्रीय लेखनात प्रथम उल्लेखी ‘चाळिशी (वृद्धदृष्टिता)’ असे लिहून पुढे ‘चाळिशी’ वापरावे.

चाळिशी टाळता येत नाही. भिंगाचा कडकपणा डोळ्यांच्या व्यायामाने जात नाही. ‘चष्मा घालवा’ छापाच्या जाहिरातींवर विसंबू नये. ती लपवण्याची धडपड मात्र जवळजवळ सगळेच करतात. पुस्तक लांब धरणे, मजकूर खिडकीपाशी नेणे, धाकट्याकडून औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचून घेणे, ही सारी त्याची रूपे. खिडकीपाशी वाचता येते, रात्री दिव्याखाली येत नाही, याला कारण आहे. भरपूर उजेडात बाहुली लहान होते आणि लहान छिद्रातून येणारी प्रतिमा अधिक रेखीव असते. कामाधामातून मोकळे होऊन रात्री दहानंतर अभ्यासाला बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला नेमकी उलट परिस्थिती येते. दिवसभर थकलेला डोळा, मंद दिवा, मोठी झालेली बाहुली आणि बारीक टाइप.

या साध्या अडचणीची किंमत केवढी असते, हे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून दिसते. आसाममधील चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांच्या एका गटाला जवळचे चष्मे देण्यात आले, दुसऱ्या गटाला ते प्रयोग संपल्यावर मिळाले. चष्मे मिळालेल्या गटाच्या पानखुडणीतील वाढ दुसऱ्या गटापेक्षा सुमारे 22 टक्क्यांनी अधिक भरली. पाने खुडण्यासारख्या, हाताच्या सवयीच्या मानलेल्या कामात हा फरक पडत असेल, तर पाठ्यपुस्तकाच्या वाचनात तो किती पडत असेल याचा विचार करावा.

4.6 ‘जवळचा नंबर’ आणि ‘निकटदृष्टिता’

आता परिभाषेतील गोंधळाकडे येऊ. टेकाडावर उभे असलेले आम्ही दोघे डोळसपणाच्या बाबतीत एकमेकांच्या विरुद्ध टोकांना होतो. मला जवळचे दिसत होते, दूरचे नाही. बोलीत माझ्या दोषाला ‘लांबचा नंबर’ म्हणतात. शास्त्रीय मराठीत मात्र त्याच दोषाचे नाव ‘निकटदृष्टिता’ किंवा ‘ऱ्हस्वदृष्टी’. एकाच दोषाला एक भाषारूप ‘लांबचा’ म्हणते आणि दुसरे ‘निकट’चा म्हणते. यात चूक कोणाचीच नाही. बोली जे दिसत नाही त्यावरून नाव देते आणि परिभाषा जे दिसते त्यावरून. बोलणारा गरजेच्या बाजूने पाहतो, शास्त्रज्ञ उरलेल्या क्षमतेच्या बाजूने. पण भाषांतर करणाऱ्याने हे ध्यानात घेतले नाही, तर आरोग्यविषयक पत्रक नेमके उलट अर्थाने छापले जाण्याचा धोका असतो.

गोंधळ इथेच संपत नाही. ‘दूरदृष्टिता’ हा दोष आणि ‘दूरदृष्टी’ हा गुण, यांच्यात केवळ एका प्रत्ययाचे अंतर आहे. शिवाय दूरदृष्टिता आणि चाळिशी या दोन्हींत ‘जवळचा नंबर’ लागतो, म्हणून त्या एकच मानल्या जातात. त्या एक नाहीत. दूरदृष्टितेत डोळ्याचा गोल तुलनेने आखूड किंवा त्याची शक्ती कमी असते आणि ती बालपणीही असू शकते. चाळिशीत डोळ्याच्या लांबीचा संबंध नाही, भिंग कडक होणे एवढेच तिचे कारण.

हा भेद कळला की घरोघरी पडणारे एक कोडे सुटते. काही आजोबा सत्तरीतही चष्मा काढून वर्तमानपत्र वाचतात आणि घरातले त्यांच्या नजरेचे कौतुक करतात. हे आजोबा बहुधा निकटदृष्टितेचे असतात. उणे अडीचच्या आसपास नंबर असलेला डोळा विश्रांत अवस्थेतच 40 सेंटिमीटरवर जुळलेला असतो. त्याला वाचनासाठी भिंग फुगवावेच लागत नाही. चाळिशी त्यांनाही लागलेली असते, पण चष्मा काढला की ती लपते. टेकाडावर बारीक टीप वाचून मी जो दिमाख दाखवला, त्याचे रहस्य हेच होते.

4.7 सततच्या जवळच्या कामाशी डोळा कसा जुळवून घेतो?

जुन्या हस्तलिखितांच्या अखेरीस लेखनिकांनी घातलेला एक संस्कृत श्लोक वारंवार आढळतो. पाठ, कंबर आणि मान मोडून, नजर खिळवून, खाली मान घालून कष्टाने हा ग्रंथ लिहिला आहे, तो जतन करा, असा त्याचा आशय. त्यात नजरेसाठी ‘स्तब्ध’ हे विशेषण येते. डोळ्याच्या थकव्याचे याहून नेमके निदान मला ठाऊक नाही. त्रास जवळ पाहण्याने जितका होतो, त्याहून अधिक तो एकाच अंतरावर नजर अडकून राहिल्याने होतो.

एकाच अंतरावर तास-दोन तास काम केले की समायोजनाची यंत्रणा त्या अंतराशी जुळवून घेते. प्रत्येक क्षणी नव्याने आज्ञा देण्याऐवजी स्नायूचा मूळ ताणच थोडा वाढवून ठेवला जातो. हे सोयीचे असते, पण काम संपल्यावर तो ताण लगेच उतरत नाही. म्हणून तीन तासांची परीक्षा देऊन बाहेर पडल्यावर एस.टी. स्थानकावर गाडीची पाटी काही वेळ पुसट दिसते. ही तात्पुरती अवस्था आहे. प्रौढ डोळ्याला त्यातून इजा होत नाही. दुसरी गोष्ट पापण्यांची. एकाग्र वाचनात, विशेषतः मोबाइलच्या पडद्यावर, पापण्यांची उघडझाप निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो आणि आपण त्याला ‘डोळे दुखतात’ म्हणतो.

वाढत्या वयातील मुलांची गोष्ट निराळी. त्यांचा डोळा अजून लांबीने वाढत असतो आणि भोवतीच्या दृश्याप्रमाणे ती वाढ कमी-अधिक होते. सतत जवळचे काम आणि घराबाहेरच्या उजेडाचा अभाव असेल तर डोळा प्रमाणाबाहेर लांब होऊन निकटदृष्टिता येण्याची शक्यता वाढते, आणि वाढलेली लांबी परत कमी होत नाही. तैवानमध्ये 2010 पासून शाळकरी मुलांना रोज 120 मिनिटे घराबाहेर काढण्याचा उपक्रम राबवला गेला तो यासाठीच. आपल्यापैकी जे पालक आहेत, त्यांनी स्वतःच्या अभ्यासाच्या वेळी मुलांना मोबाइल देऊन गप्प बसवण्यापूर्वी याचा विचार करावा.

आरे-वारेच्या पुळणीवर त्याच संध्याकाळी सुरूच्या सावलीत एक वयस्कर कोळी जाळे दुरुस्त करत बसलेला पाहिला. जाळ्याचा आस, म्हणजे एकेक चौकटी, तो डोळ्यांपेक्षा बोटांच्या मापाने जुळवत होता. चार गाठी मारल्या की तो मान वर करून पाण्याकडे पाही, कोणाची होडी आली का ते न्याहाळी आणि पुन्हा जाळ्याकडे वळे. त्याला कोणी हा नियम शिकवला नव्हता. नेत्रतज्ज्ञ आज हेच सांगतात. दर वीस मिनिटांनी नजर उचलून वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावे. वीस हा आकडा लक्षात राहण्यासाठी आहे, त्यात काही मंत्र नाही. मी उत्तरपत्रिका तपासताना प्रत्येक उत्तरपत्रिकेनंतर खिडकीबाहेर पाहतो. तेवढे पुरते.

पुस्तिका वाचताना दिवा डोळ्यांसमोर न ठेवता लिहिणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूने मागून येईल असा ठेवावा. चाळिशीची शंका आली तर बाजारातला तयार चष्मा तात्पुरता चालतो, पण दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेलच असे नाही. शिवाय तपासणीत काचबिंदूसारखा, सुरुवातीला काहीच न जाणवणारा विकारही लक्षात येतो, म्हणून चाळिशीनंतर डोळे एकदा तज्ज्ञाकडून तपासून घ्यावेत.

त्या विद्यार्थिनीने रत्नागिरीत डोळे तपासून घेतले. तिला दीड नंबरचा चष्मा लागला. तिच्या पुढच्या गृहपाठातील अवतरणांत घ आणि ध आपापल्या जागी होते. कापलेले गुण मला नियमाने परत देता आले नाहीत, शेरा मात्र मी खोडला.

4.8 स्वयंअध्ययनासाठी प्रश्न व क्षेत्रीय कार्य

1. जवळच्या वस्तूकडे पाहताना स्नायू, बंधतंतू आणि भिंग यांत होणारे बदल योग्य क्रमाने लिहा. (कलम 4.4 पुन्हा पाहा. ‘ताण’ हा शब्द कोणाच्या संदर्भात आहे, ते प्रत्येक वाक्यात स्पष्ट करा.)

2. ‘लांबचा नंबर’ आणि ‘निकटदृष्टिता’ या नावांमागील दृष्टिकोनांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा. अन्य एखाद्या विकाराच्या बोलीतील आणि शास्त्रीय नावांत असाच फरक आढळतो का, ते शोधा.

क्षेत्रीय कार्य : घरातील वा शेजारील निरनिराळ्या वयांच्या पाच व्यक्ती निवडा. लांबचा नंबर असल्यास तो चष्मा घालू द्यावा, जवळचा काढून ठेवावा. दिवसाच्या उजेडात या पुस्तिकेतील एक ओळ हळूहळू डोळ्यांजवळ आणा आणि अक्षर प्रथम पुसट होईल ते अंतर शिवणकामाच्या टेपने मोजा. 100 ला त्या सेंटिमीटरांनी भागले की त्या व्यक्तीची समायोजनाची मर्यादा डायॉप्टरमध्ये मिळेल. वय आणि माप यांची नोंद करून कलम 4.5 मधील आकड्यांशी ताडून पाहा. ज्यांना इतक्या अंतरावर ओळ कुठेच स्पष्ट दिसली नाही, त्यांची नोंद वेगळी ठेवा आणि चष्म्यासाठी, नजर अधू होण्यासाठी त्यांच्या बोलीत कोणते शब्द आहेत, ते त्यांच्याच उच्चारात लिहून पुढील संपर्कसत्रास आणा.